हद्दपार बालकांची साक्ष : वळिवडे ते हेग

सोलापूर - पंढरपूर-मिरजमार्गे कोल्हापूरला जाताना कोल्हापूरच्या थोडे अलीकडे वळिवडे हे लहानसे रेल्वेस्थानक लागते. १९४३ ते १९४८ या काळात या परिसरात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. त्यांतील अनेक मुलांनी आई किंवा वडील, काहींनी दोघांनाही वाटेतच गमावले होते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार टप्प्यांत तेथील कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तानात पाठविण्यात आले. सोव्हिएत दप्तरातील नोंदींनुसार ही संख्या तीन लाखांहून अधिक आहे. जुने पोलिश अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर जुलै १९४१ मध्ये करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक इराणमध्ये पोहोचले. त्यांतील काही मुले जामनगरजवळच्या बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींच्या आश्रयाला आली. पुढे वळिवड्यात मोठी छावणी उभी राहिली. तेथे शाळा, चर्च, रुग्णालय आणि बालवीर पथकही होते.

या मुलांची कहाणी जगाला कळली, ती वेळीच लिहून घेतल्यामुळे. सोव्हिएत भूमीतून बाहेर पडलेल्या पोलिश सैन्याने १९४२-४३ मध्येच मुलांकडून अनुभव लिहवून घेतले. घरी सैनिक कधी आले, सामान बांधायला किती वेळ दिला, डब्यात किती माणसे होती, भाकर किती मिळे, कोण कोठे मरण पावले, अशा साध्या नोंदी त्यांत आहेत. असे कितीतरी कागद आज अमेरिकेतील हूव्हर संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांतील १२० निवेदनांचे पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती आणि या हद्दपारीवर उघडपणे लिहिण्यास तेथे मज्जाव होता. सरकारी इतिहास गप्प असताना शाळकरी अक्षरातील हे कागदच पुरावा ठरले.

अशा साक्षीचे मोल कशावर ठरते? ती घटनेनंतर लवकर घेतलेली असावी, मुलाच्याच शब्दांत असावी, उत्तर सुचविणारे प्रश्न नसावेत आणि गाव, तारीख, नावे अन्य नोंदींशी पडताळता यावीत. तसेच, दुःख पुन्हा पुन्हा सांगण्याची सक्ती मुलावर होऊ नये.

हा विषय जुना झालेला नाही. एखाद्या समूहाची मुले बळाने दुसऱ्या समूहात नेणे हा १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानुसार, समूह नष्ट करण्याच्या हेतूने केल्यास, वंशसंहाराचा प्रकार आहे. युक्रेनमधील मुलांना बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी अध्यक्ष व्लादिमीर पुतीन आणि बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. रशियाने आरोप नाकारला आहे. अशा खटल्यांत मुलांचे म्हणणे कोणी, केव्हा आणि कसे नोंदविले, याला मोठे महत्त्व येते.

वळिवड्याच्या छावणीतील माजी रहिवाशांनी आपल्या आठवणी व कागदपत्रे एकत्र करून लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्यापैकी काही जण कोल्हापूरला येऊनही गेले. मात्र वळिवड्यात दहाव्या वर्षी आलेले मूल आज नव्वदी ओलांडलेले आहे. पोलिश कुटुंबे गेल्यानंतर त्याच जागेत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगर वसले. त्या घरांतही घर सोडावे लागलेली, आता वृद्ध झालेली मुले आहेत. त्यांच्याजवळ बसून ऐकण्यास आणि लिहून घेण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.