विश्लेषण : पीक शेतात, नोंद मोबाइलवर, राहून गेली तर जबाबदारी कुणाची?

ऑगस्ट लागला की जालना जिल्ह्यातल्या गावांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो: ‘पाहणी झाली का?’ कपाशीला पाते-फुले लागलेली असतात, सोयाबीन शेंगा धरू लागते आणि बांधाबांधावर कुणी ना कुणी मोबाइल उंच धरून रेंज शोधत असतो. ई-पीक पाहणीचे हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. तेव्हापासून पारावरच्या चर्चेत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, तलाठ्याच्या मागे फिरणे संपले. दुसरा म्हणतो, सरकारचे काम आमच्या गळ्यात आले. वाद ॲपचा दिसत असला तरी त्यामागचा प्रश्न वेगळा आहे. शेतात पीक उभे आहे, पण कागदावर नाही, तर त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा?

ई-पीक पाहणी म्हणजे नेमके काय?

सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा मिळून झालेला उतारा. नमुना सात जमीन कुणाची ते सांगतो. नमुना बारा त्या जमिनीत कोणत्या हंगामात कोणते पीक, किती क्षेत्रावर आहे ते सांगतो. ई-पीक पाहणीचा संबंध या नमुना बाराशी आहे. महसूल आणि कृषी विभागाच्या या प्रकल्पाला टाटा ट्रस्टचे तांत्रिक साहाय्य मिळाले. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा’ हे त्याचे घोषवाक्य. त्यातला ‘मीच’ हा शब्द महत्त्वाचा, कारण बदल तिथेच झाला.

पुढे केंद्र सरकारच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी ही पद्धत जोडली गेली. २०२४ च्या रब्बी हंगामापासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी डीसीएस’ या नव्या ॲपवर नोंद होऊ लागली.

आधी काय व्हायचे?

पूर्वी पीक पाहणी हे तलाठ्याचे काम होते. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे.) त्याने हंगामात शिवारात फिरून पिके पाहायची आणि नमुना बारा भरायचा, असा नियम. एका सज्जात अनेक गावे आणि हजारो गट, त्यामुळे प्रत्येक बांधावर जाणे अवघडच होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीचे पीकच पुढे ओढले जायचे. मोसंबीची बाग तोडून चार वर्षे झाली तरी उताऱ्यावर मोसंबी, असे प्रकार शेतकऱ्यांना नवे नव्हते.

नोंदीची किंमत मात्र या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमिनीचे जुने वाद निघाले की आजही मराठवाड्यात खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक यांची शोधाशोध होते. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषण झाले, त्यानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदी तपासल्या गेल्या. कुणा कारकुनाने त्या काळी लिहिलेला एक शब्द पणतवंडांच्या कामाला येऊ शकतो, किंवा नसल्याने अडवू शकतो, हे जालन्याने अलीकडेच पाहिले.

ॲपमध्ये भरायचे काय?

विभाग, जिल्हा, तालुका आणि गाव निवडून खातेदाराचे नाव किंवा गट क्रमांक शोधायचा. मग हंगाम, पिकाचा प्रकार, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि पेरणीची तारीख भरायची. शेवटी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे. जमीन पडीक असेल तर ‘चालू पड’ किंवा ‘कायम पड’ म्हणूनही नोंद करता येते.

गोंधळ मिश्र पिकात होतो. जालन्यात कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची पद्धत जुनी आहे. घाईत शेतकरी फक्त कपाशी नोंदवतो. पुढे तूर हमीभावाने विकायची वेळ आली की उताऱ्यावर तूर सापडत नाही. त्यामुळे अशा शेताची नोंद ‘मिश्र पीक’ या पर्यायात, दोन्ही पिकांचे क्षेत्र वेगळे दाखवून करणे गरजेचे आहे.

दुसरा गोंधळ मुगा-उडदाचा. २०२५ च्या खरिपात शेतकऱ्यांनी स्वतः नोंद करण्याची मुदत १ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर होती, ती पुढे वाढवावी लागली. कपाशीवाल्याला वाढीव मुदतीचा फायदा होतो. मूग मात्र ऑगस्टअखेर काढणीला येतो. ‘मुदत आहे, बघू’ म्हणून थांबलेल्याच्या रानात तोपर्यंत छायाचित्र काढायला पीकच उरत नाही.

५० मीटरची अट कशासाठी?

घरात बसून कुणी भलतेच छायाचित्र टाकू नये, म्हणून. छायाचित्र काढताना मोबाइल संबंधित गटापासून ५० मीटरच्या आत असावा लागतो. ॲपकडे गटाचा डिजिटल नकाशा असतो आणि मोबाइल आपले ठिकाण उपग्रहांवरून ठरवतो. दोन्ही जुळले तरच नोंद पुढे सरकते.

इथे एक समज दूर करायला हवा. ठिकाण कळण्यासाठी मोबाइलला इंटरनेट लागत नाही. जीपीएसचा संकेत थेट उपग्रहाकडून येतो आणि ठिकाण ठरायला किमान चार उपग्रह लागतात. रेंज नसेल तर पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, एवढेच. मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाइल काही मीटरच्या फरकाने ठिकाण सांगतो. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडजवळ हा फरक वाढतो. म्हणून झाडापासून दूर, उघड्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबून मग छायाचित्र घेतल्यास अडचण कमी होते.

खरी अडचण नकाशात असते. जुन्या मोजणीचे नकाशे संगणकावर चढवताना काही ठिकाणी हद्दी सरकल्या आहेत. अनेक गटांचे पोटहिस्से नकाशावर आलेलेच नाहीत. शेतकरी स्वतःच्या कपाशीत उभा असतो आणि ॲप त्याला ‘तुम्ही गटाबाहेर आहात’ असे सांगते. अशा वेळी दोष ना शेतकऱ्याचा, ना त्याच्या मोबाइलचा. पण बांधावर एकटा उभा असलेल्या माणसाला ते कळत नाही आणि तो ‘मला जमत नाही’ म्हणून घरी परततो.

नोंद राहिली तर काय बिघडते?

पहिला फटका विक्रीत बसतो. हमीभावाने सोयाबीन किंवा तूर विकण्यासाठी नाव नोंदवताना पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. कापसासाठी भारतीय कापूस महामंडळाने २०२५ मध्ये ‘कपास किसान’ हे ॲप आणले, तिथेही जमीन आणि कापसाच्या पेऱ्याचा कागद लागतो.

दुसरा फटका विम्यात. राज्यातली एक रुपयात पीक विम्याची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता शेतकऱ्याला स्वतःचा हप्ता भरावा लागतो: खरीप अन्नधान्य व गळीत पिकांना विमा रकमेच्या कमाल दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकांना पाच टक्के. शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी दोन्ही बंधनकारक आहेत. विमा एका पिकाचा आणि पाहणीत दुसरेच पीक, अशी तफावत निघाली तर अर्ज रद्द होऊ शकतो. खिशातला पैसा भरल्यावर नोंदीत झालेली एक चूक आता थेट पैशात मोजावी लागते.

अट ठेवली, मग का सैल केली?

२०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने अर्थसाहाय्य जाहीर केले. ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट एक हजार रुपये आणि त्यापुढे हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. सुरुवातीला ते ई-पीक पाहणी केलेल्यांनाच मिळणार होते. शेजारच्या रानात तेच पीक, तेच नुकसान. पण एकाचे नाव यादीत आणि दुसऱ्याचे नाही. मराठवाडा-विदर्भात यावरून ओरड झाली. अखेर २०२४ मध्ये अट सैल झाली आणि सातबाऱ्यावर या पिकांची नोंद असलेल्यांनाही लाभाचा मार्ग मोकळा झाला.

या निर्णयाचे दोन अर्थ गावात लागले. ज्यांची नोंद राहिली होती, त्यांना न्याय मिळाला. ज्यांनी उन्हात उभे राहून, तीनतीनदा सर्व्हर बंद पडूनही नोंद पूर्ण केली होती, ते म्हणाले, ‘मग आम्ही कशाला धडपडलो?’ अट कडक ठेवली तर खरा शेतकरी बाहेर राहतो. सैल केली तर पुढच्या हंगामात नोंदीला कुणी गांभीर्याने घेत नाही.

सगळ्यात जास्त कोण अडते?

ज्याच्या नावावर जमीन आहे आणि हातात चांगला मोबाइल आहे, त्याला हे ॲप सोयीचे आहे. अडतात ते बाकीचे.

पहिला बटईदार. मालक पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीला आणि शेत गावातला माणूस बटईने किंवा ठोक्याने कसतो. घाम आणि बियाण्याचा खर्च त्याचा. नोंद मात्र मालकाच्या खात्यावर. विम्यासाठी भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला नोंदणीकृत करार लागतो. गावातली बटई बहुतेक तोंडी असते, कारण लिहून दिले तर कूळ लागेल ही मालकाची भीती. जुन्या कागदी पद्धतीतही बटईदाराचे नाव सहसा येत नव्हते. मात्र शेतात जाऊन छायाचित्र काढायचे कामही आता बहुधा त्याच्याच वाट्याला येते.

दुसरी, जिच्या नावावर सातबारा आहे अशी बाई. घरात मोबाइल एकच, तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. तिच्या शेताची नोंद दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून. वडीलधाऱ्या खातेदाराचे तेच. त्याच्याकडे बटणांचा फोन असतो, त्यावर हे ॲप चालतच नाही.

तिसरे, सामायिक खात्यातले भाऊ. एका भावाने घाईत संपूर्ण क्षेत्र आपल्या पिकाखाली दाखवले तर दुसऱ्याला भरायला क्षेत्रच शिल्लक राहत नाही. ज्याने त्याने आपल्या वहिवाटीपुरतेच क्षेत्र भरावे, एवढा साधा उपाय आहे. पण भावाभावांत बोलणे नसेल तर तोही अवघड होतो.

मग ॲप नकोच का?

तसे म्हणणारे फार थोडे. तलाठ्याच्या मर्जीवरची नोंद पुन्हा कुणालाच नको आहे. छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असलेली नोंद शेतकऱ्याच्याच बाजूचा पुरावा असते. उद्या कुणी ‘तुमच्याकडे कापूस नव्हताच’ म्हणाले तर तो दाखवता येतो. गावातल्या खातेदारांची यादी ॲपमध्ये दिसते, त्यामुळे आपली नोंद झाली की नाही हे कुणाला न विचारता कळते. तशी ती इतरांनाही दिसते, हे काहींना खटकते.

आक्षेप वेगळा आहे. पूर्वी तलाठी आला नाही तर चूक तलाठ्याची होती. आता सर्व्हर बंद असो, नकाशा सरकलेला असो की मोबाइल जुना, कागदावर दिसते ते एवढेच की शेतकऱ्याने नोंद केली नाही. या अडचणीची जाणीव सरकारलाही आहे, म्हणून शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची पाहणी करायला गावोगाव सहायक नेमले गेले. त्यांना नोंदीमागे मानधन मिळते. सहायक खरोखर बांधावर आला की नाही, हा मात्र नवा वाद आहे. जुन्या पद्धतीबद्दलही शंका हीच होती.

शेतकऱ्याने काय काळजी घ्यावी?

मूग-उडीद असेल तर पहिल्याच पंधरवड्यात नोंद उरकावी. शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी होते, तेव्हा सकाळी लवकर प्रयत्न करावा. विम्याच्या अर्जात जे पीक आणि क्षेत्र भरले, तेच पाहणीत आहे ना, ते जुळवून पाहावे. चूक झाली तर ४८ तासांत ॲपवरूनच दुरुस्ती करता येते, नंतर कार्यालयाचे हेलपाटे पडतात. स्वतःचा मोबाइल नसेल तर नातलगाच्या मोबाइलवरूनही नोंद होते, कारण एका मोबाइलवर अनेक खातेदार जोडता येतात. मात्र चार अंकी संकेतांक कुणालाही सांगू नये.

ॲप ‘गटाबाहेर’ दाखवत असेल तर त्या पडद्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे आणि मुदतीच्या आतच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ‘नोंद का केली नाही?’ असे पुढे विचारले गेले तर शेतकऱ्याच्या हातात तो एकच कागद असेल. आणि सगळे झाल्यावर १५ रुपयांत मिळणारा डिजिटल सातबारा काढून त्यावर आपले पीक उमटले आहे का, ते एकदा डोळ्यांनी पाहावे. ॲपवर हिरवी खूण आली म्हणजे काम झाले असे समजून थांबू नये. खरेदी केंद्रावर शेवटी उताराच मागितला जातो.