बाटलीची वीट

बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी. दुधाच्या पिशव्या भंगारवाला वजनावर घेऊन जातो, पण या चकचकीत कचऱ्याला तो हातही लावत नाही.

ग्वाटेमालातल्या अतितलान सरोवराच्या परिसरात २००० नंतरच्या दशकात यावर एक साधा उपाय रुजला. असं प्लास्टिक रिकाम्या बाटलीत ठासून भरायचं आणि त्या बाटल्या भिंतीत विटांसारख्या वापरायच्या. तिथल्या गावांनी अशा शाळाही बांधल्या. त्यांत भार पेलतात ते काँक्रीटचे खांब आणि तुळया; बाटल्या नुसती मधली जागा भरतात. त्या दोन्ही बाजूंनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीत बांधतात आणि वरून सिमेंटचा गिलावा देतात. म्हणजे ‘बाटल्यांचं घर’ म्हटलं तरी सांगाडा नेहमीचाच!

भरण्यात मात्र हयगय चालत नाही. प्लास्टिक धुऊन कडकडीत वाळवायचं, कारण खरकटं राहिलं की आत कुजून वायू धरतो. मग बारीक कापून काठीनं दाबत राहायचं. एक लिटरच्या बाटलीचं वजन किमान ३३० ग्रॅम भरलं पाहिजे. हलकी बाटली दाबली की चेपते.

उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आगीजवळ ते पेटही घेतं, म्हणून बाटली उघडी ठेवणं धोक्याचं. चुलीजवळ तर नकोच. सुरुवातीला बागेतला कट्टा किंवा वाफ्याची कड करून पाहावी, वरून मातीचा किंवा सिमेंटचा जाड थर द्यावा. आणि हो, बाटल्या भरायच्या म्हणून मुद्दाम शीतपेयं विकत आणू नका.