बांधाला दिवाळीची झाडलोट नको

घटस्थापना होते न होते तोच ओझर परिसरातल्या मळ्यांत दोन कामे एकदम अंगावर येतात: द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि सणाची साफसफाई. छाटणीला पर्याय नाही, फेब्रुवारी-मार्चचा माल त्या कात्रीवर ठरतो. पण साफसफाईचा हात अंगणातून बांधापर्यंत जातो, तणनाशकाचा पंप पाठीवर चढतो, वाळलेल्या गवताला काडी लागते, तिथे मात्र थांबायला हवे. वर्षातल्या ज्या महिन्यात बांधावर सर्वाधिक जीव नांदत असतात, नेमका तोच महिना आपण बांध उजाड करायला निवडतो.

पावसाळ्यात जन्मलेली किड्यांची पिढी आश्विनात वयात येते आणि गवत बियांवर येते. त्या बियांवर मनोल्यांचे थवे उतरतात, किड्यांवर कोतवाल आणि वेडे राघू टपून बसतात, उत्तरेकडून आलेला धोबी ओल्या सरीत शेपटी हलवत फिरू लागतो. वाळत चाललेल्या खुळखुळ्यावर नारिंगी-काळी फुलपाखरे गर्दी करतात. ती मधासाठी आलेली नसतात; त्या झाडातली विषारी द्रव्ये शोषून नर त्यांपासून मादीला आकर्षून घेणारा गंध तयार करतात. परसातल्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, तिचेही काही दिवसांत फुलपाखरू होते. अंगणावर घिरट्या घालणाऱ्या चतुरांमधली एक पिवळसर जात तर भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिका गाठत असावी, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. ओझरच्याच निफाड तालुक्यात असलेले नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले आणि तिथल्या पाहुण्या पक्ष्यांचे कौतुक होते ते रास्तच आहे. पण अभयारण्याला हद्द असते, पाखरांना नसते. त्यांचे बरेचसे खाणे-राहणे आपल्याच शेताच्या कडेला चालते.

यात शेतकऱ्याचा रोकडा फायदाही आहे. याच दिवसांत सोयाबीन, मका घरात येतो आणि उंदीर-घुशींची चंगळ होते. त्यांना आवरणारे गव्हाणी घुबड, धामण आणि मुंगूस बांधाच्या, जुन्या झाडांच्या आश्रयाने राहतात. धामण बिनविषारी असूनही मारली जाते. मग उंदरांसाठी विष विकत आणायचे आणि ते खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरण्याचा धोका पत्करायचा, हा व्यवहार कुणाला परवडतो? भिंतीवरची कुंभारीण माशीची मातीची घरटीसुद्धा रंग देण्यापूर्वी खरवडली जातात. तिने त्यांत पिल्लांसाठी साठवलेला शिधा म्हणजे अळ्या किंवा कोळी.

आता आक्षेप. पहिला सापांचा, आणि तो खरा आहे. घोणस गवतात दडते आणि रात्री तिच्यावर पाय पडला तर प्राणावर बेतते. म्हणून घर, गोठा, पायवाट आणि मोटारीकडे जाणारा रस्ता स्वच्छच हवा, रात्री हातात बॅटरी हवी. पण साप घराजवळ येतो तो बहुधा उंदरामागे. सांडलेले धान्य आणि सरपणाचा ढीग तसाच ठेवून दूरच्या बांधावर फवारा मारल्याने घरचा धोका टळत नाही. दुसरा आक्षेप बागायतदाराचा: तणावर पिठ्या ढेकूण पोसला जातो. बरोबर. गाजरगवत उपटावेच; अंबाडी, भेंडी द्राक्षाच्या ओळींना खेटून नकोत, आणि वेलीखालची जागा मोकळी हवी. पण याच पिठ्या ढेकणाला खाणारा क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये भारतात आणला गेला. जैविक नियंत्रणासाठी तो आजही वापरतात. सरसकट जालीम फवारणी त्यालाही जगू देत नाही. तिसरा आक्षेप बिबट्याचा; पण ते भय उसाच्या फडापाशी धरावे, गुडघाभर गवतापाशी नव्हे.

तेव्हा यंदा सगळे बांध सोडू नका, एकच सोडा: घरापासून लांबचा, वेलींना न खेटलेला. तो पेटवू नका, त्यावर तणनाशक मारू नका. जनावरांना वैरण हवी असेल तर विळ्याने कापा, पण अर्धा पट्टा आधी आणि उरलेला बिया झडल्यावर.