संघ मुंबईचा, अंगण रायगडचे

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांत एक निराळीच लगबग सुरू होते. गावाबाहेरच्या मोकळ्या खाचरात चाळलेली माती पसरली जाते, पाणी शिंपडून ती चोपली जाते, चुन्याच्या फक्कीने मध्यरेषा व निदानरेषा आखल्या जातात, बांबूंवर दिवे चढतात आणि ग्रामदेवतेचे नाव धारण करणाऱ्या मंडळाच्या चषकासाठी पंचक्रोशीतले संघ उतरतात. अंतिम सामना उत्तररात्री संपला तरी कोणी जागचे हलत नाही. अलिबाग, पेण, मुरूड, उरण या तालुक्यांत कबड्डी खेळली जाते, एवढेच म्हणणे अपुरे ठरेल. गावागावांमधील जुन्या हिशेबांची ती दरसालची खतावणी असते.

याच घरांत 2014 च्या पावसाळ्यात दुसरी एक कबड्डी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून शिरली. त्या वर्षी 26 जुलै रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स असा तो सामना होता. मातीच्या जागी मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, चढाई 30 सेकंदांत बांधली गेली आणि दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा अथवा बाद व्हा, असा दंडक घातला गेला. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. पण तीही पडद्याकडे तोंड करूनच. पहिल्याच हंगामाला सुमारे साडेत्रेचाळीस कोटी प्रेक्षक लाभल्याचे सांगण्यात आले. आकडा थोडा फुगीर धरला तरी क्रिकेटखालोखाल या खेळाचा क्रमांक लागला, हे कोणी नाकारले नाही.

यू मुम्बाचे पहिले तीन हंगाम किनाऱ्यावरच्या घराघरांत तोंडपाठ झाले होते. 2014 च्या अंतिम सामन्यात जयपूरने त्यांना 35-24 असे हरवले. 2015 मध्ये बेंगळुरू बुल्सना 36-30 असे नमवून त्यांनी विजेतेपद मिळवले. 2016 च्या आरंभी झालेल्या तिसऱ्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी गाठून पाटणा पायरेट्सकडून 31-28 अशी हार पत्करली. संघनायक अनुपकुमार हरियाणाचा, पण त्याचा शांतपणा आणि बोनस रेषेवरचे पदलालित्य यांवर किनाऱ्यावरची पोरे इतकी भाळली की शाळेच्या मैदानात जो तो अनुपकुमार होऊ लागला. भरती-ओहोटी ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्यांना मुंबई ही समोरच्या तीरावरची वस्ती वाटते. मुंबईचा संघ म्हणजे आपलाच संघ, हे त्यांनी कोणी न सांगता मानून घेतले.

परंतु संघानेही त्यांना आपले मानले होते काय? या प्रश्नाकडे भावनेने नव्हे, अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

मुंबईतल्या कबड्डीचा पाया कोकणातून आलेल्या माणसांनी घातला. गिरणगावातील चाळींच्या अंगणांत जी मंडळे उभी राहिली, त्यांतला मोठा भाग रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा जिल्हा येथून आलेल्या कामगारांचा होता. खेळाला पैसा नव्हता, पण नोकरी होती. रेल्वे, बँका, बंदर, पोलीस, तेलकंपन्या आणि महिंद्रसारखे कारखाने आपापले संघ बाळगत. चढाई चांगली असलेल्या मुलाला तेथे कायमची जागा मिळे. त्या जागेवर त्याचे लग्न ठरे, धाकट्या भावाचे शिक्षण होई आणि गावात घर उभे राही. म्हणजे खेळाडूच्या घामाचे मोल एकदम लिलावात न मिळता तीस-पस्तीस वर्षांच्या पगारात विभागून मिळत असे. या व्यवस्थेत वशिला होता, अन्यायही होते. तरी गावातल्या मुलाला तिच्यात पुढची वाट दिसत होती.

ती वाट हळूहळू अरुंद झाली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने गिरण्यांचे कंबरडे मोडले. पुढे सार्वजनिक उद्योगांतील भरती आटली. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया 2022 मध्ये खाजगी मालकीकडे गेली. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, परंतु मुळात जागाच भरल्या जात नसतील तर टक्केवारी कोणत्या संख्येची काढायची?

अशा वेळी व्यावसायिक लीग आली आणि तिने किंमतीचा नवा फळा उभा केला. पहिल्या हंगामाच्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारला पाटण्याच्या संघाने 12 लाख 80 हजार रुपये दिले होते. 2018 मध्ये इराणच्या फझल अत्राचलीसाठी यू मुम्बाने 1 कोटी मोजले. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई याला यू मुम्बाने 36 लाख 40 हजारांना घेतले. एका हंगामातल्या चढायांनंतर 2019 मध्ये तेलुगु टायटन्सने त्याची किंमत 1 कोटी 45 लाख केली. खेडेगावच्या मुलाला एवढे पैसे मिळाले याचा आनंद न मानणारा करंटाच म्हटला पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. ज्या मातीने, ज्या मंडळाने आणि ज्या फुकट राबणाऱ्या प्रशिक्षकाने असा खेळाडू दहा-बारा वर्षे घडवला, त्यांच्या पदरी या व्यवहारातून हक्काचे असे काय पडते?

येथे थोडे दूर, कोरियात डोकावणे उपयुक्त ठरेल. कोरियाचे नाव कबड्डीच्या वाचकांना अनोळखी नाही. 2016 च्या अहमदाबाद येथील विश्वचषकात पहिल्याच सामन्यात भारताला 34-32 असे हरवणारा संघ कोरियाचाच होता आणि त्यांचा जांग कुन ली पहिल्या हंगामापासून बंगाल वॉरियर्सकडून खेळत होता. पण त्या देशाचा खरा जनप्रिय व्यावसायिक खेळ बेसबॉल. मुंबईत गिरणीसंप पेटला त्याच 1982 मध्ये, लष्करी सत्ताधीश चुन डू-ह्वान यांच्या राजवटीत, तेथे सहा संघांची लीग सुरू झाली. लोकांचे लक्ष राजकारणावरून उडावे हा राज्यकर्त्यांचा हेतू होता, असे तेथले अभ्यासक मानतात. संघांचे मालक बहुतेक उद्योगसमूह: सॅमसंग, लोट्टे, हैताई वगैरे. वरवर पाहता आपल्याकडच्या लीगहून यात निराळे काही नाही.

निराळेपण एका नियमात होते. प्रत्येक संघाला एक प्रदेश नेमून दिलेला असे आणि त्या प्रदेशातील माध्यमिक शाळांत तयार झालेल्या खेळाडूंवर त्या संघाचा पहिला हक्क असे. ग्वांगजू शहराचा हैताई टायगर्स हा संघ घ्या. 1980 च्या मे महिन्यात या शहरात सैन्याने नागरिकांवर गोळ्या चालवल्या होत्या. तो प्रदेश उद्योगांत मागे पडलेला, राजसत्तेने दुर्लक्षिलेला. हैताई ही बिस्किटे आणि गोळ्या-चॉकलेटे करणारी कंपनी. सॅमसंगच्या मानाने तिची ऐपत बेताची. तिच्या संघाने 1983 ते 1997 या काळात नऊ वेळा विजेतेपद पटकावले, त्यांतली चार 1986 ते 1989 अशी ओळीने. संघात त्याच प्रांतातली मुले होती. लोक मैदानात जमत ते बेसबॉलसाठी तर खरेच, पण उघडपणे बोलता येत नव्हते ते एकत्र ओरडून म्हणता यावे यासाठीही. मोकपो बंदराविषयीचे एक जुने विरहगीत हे त्या प्रेक्षकांचे जणू संघगीत बनले.

पुढे 1997 च्या आर्थिक अरिष्टात हैताई समूह बुडाला. संघ मात्र वाचला. 2001 मध्ये किआ या मोटार कंपनीने तो घेतला, टायगर्स हे नाव राखले, शहर बदलले नाही. 2009, 2017 आणि 2024 मध्ये तो पुन्हा विजेता झाला. याउलट ह्युंदाई युनिकॉर्न्सची कहाणी ऐकण्यासारखी आहे. 1998 ते 2004 या काळात चार विजेतेपदे मिळवणारा हा संघ 2000 साली इंचॉन शहर सोडून सोलच्या वाटेला लागला, मध्येच सुवॉनला अडकला, कोणत्याच गावाचा उरला नाही आणि 2008 च्या आरंभी विसर्जित झाला. जिंकणारा संघ बुडाला आणि मालकाचे दिवाळे निघालेला संघ तरला, यातले कारण प्रेक्षकांच्या गॅलरीत शोधावे लागते. 2024 मध्ये या लीगच्या सामन्यांना मैदानावर आलेल्या प्रेक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. कोरियाची लोकसंख्या सुमारे सव्वापाच कोटी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या लीगमध्ये 2014 मध्ये आठ आणि 2017 पासून बारा संघ आहेत, आणि खेळाडू येतो तो लिलावातून. मुंबईच्या संघाने किनाऱ्यावरची मुले घ्यावीत असे कोणतेही बंधन नाही. घेतली तर तो व्यवस्थापनाचा गुण, हक्क नव्हे. आरंभी निदान घरचे मैदान तरी होते. करोनानंतरचा 2021-22 चा हंगाम सगळाच बेंगळुरूत झाला, ती अडचण समजण्यासारखी होती. दहाव्या हंगामात 2024 च्या जानेवारीत संघ मुंबईत परतला. पण त्याच वर्षीचा अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे झाला. 2025 चा बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत उरकला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला एकही सामना आला नाही. मांडव्याहून बोटीने तासाभरात मुंबई गाठता येते, 2020 पासून भाऊच्या धक्क्याला मोटारीसह नेणारी रो-रो सेवाही आहे. पण जाऊन पाहावे असे तिकडे काही उरले नाही. यू मुम्बा 2016 नंतर बाराव्या हंगामापर्यंत अंतिम फेरीत पोचलेला नाही, हे एकवेळ चाहता सोसतो. ग्वांगजूच्या चाहत्यांनीही 1997 नंतर बारा वर्षे वाट पाहिली. मात्र ती त्यांनी आपल्या शहरात, आपल्या गॅलरीत बसून पाहिली.

खर्चाचे गणित लीगचालक पुढे करतील. बारा शहरांत मॅट, प्रकाशयोजना आणि चित्रीकरणाचा ताफा हलवण्यापेक्षा तीन-चार शहरांत मुक्काम करणे स्वस्त पडते, हे खरेच आहे. उत्पन्न प्रक्षेपणातून येत असल्यामुळे प्रेक्षक कोठे बसतो याने ताळेबंदात फारसा फरकही पडत नाही. पण हा ताळेबंद एका वर्षाचा आहे. जमिनीचा कस वापरून खत न घालणाऱ्याचे उत्पन्नही पहिली काही वर्षे चांगलेच दिसते. आणि कसणारा एक, पीक नेणारा दुसरा, हा भेद रायगडच्या माणसाला नव्याने समजावून सांगायला नको. खोतांविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या, त्या याच अलिबाग तालुक्यात.

प्रदेशाचा पहिला हक्क जसाच्या तसा आणावा असे नाही. कोरियानेही 2023 सालच्या निवडीपासून तो रद्द केला. श्रीमंत प्रांतातल्या संघांना चांगले खेळाडू अधिक मिळतात, ही तक्रार रास्त होती. शिवाय खेळाडूला भाव करण्याची मोकळीक त्यामुळे कमी होते. फुटबॉलची रीत अधिक सोयीची दिसते. तेथे करार चालू असलेला खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या संघात गेला की वयाच्या 12 ते 23 वर्षांच्या काळात ज्या ज्या मंडळांनी त्याला घडवले, त्यांच्यात त्या रकमेचे 5 टक्के वाटले जातात. कबड्डीत हीच टक्केवारी लिलावाच्या बोलीवर, आणि तीही संघमालकाकडून, घेता येईल. एका कोटीच्या बोलीचे पाच लाख होतात. एवढ्या रकमेत गावच्या मंडळाला सरावाचे साहित्य घेता येईल, प्रशिक्षकाला मानधन देता येईल, आणि दुखापत झालेल्या मुलाच्या गुडघ्याचा उपचार वर्गणीवाचून होईल. मातीवर वाढलेला मुलगा निवड चाचणीत प्रथमच मॅटवर उभा राहतो व बुटांत अडखळतो, ही आजची सर्वांत मोठी गळती आहे. मुलींची अवस्था तर याहून बिकट. 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी महिला स्पर्धा लीगने भरवली, ती पुढे चालवली नाही.

हिशेब ठेवणे अवघड नाही. खेळाडू मंडळाकडून खेळतो, मंडळ जिल्हा संघटनेला जोडलेले असते, जिल्हा राज्य संघटनेला. कोण कोठे वाढला याच्या नोंदी या साखळीत सापडतात. 15 जुलै हा बुवा साळवी यांचा जन्मदिवस राज्यात कबड्डीदिन म्हणून साजरा होतो. भाषणे होतात, सत्कार होतात. येत्या 15 जुलैला राज्य संघटनेने लीगचालकांपुढे दोनच मागण्या ठेवाव्यात. लिलावाच्या रकमेतला मंडळाचा वाटा ठरवून द्यावा, आणि मुंबईच्या संघाचे निदान चार सामने मुंबईत, शेवटची बोट सुटण्यापूर्वी संपतील अशा वेळी ठेवावेत.