टोक जुळले म्हणजे केबल जुळली असे नव्हे

नवी दिल्ली : मोबाइल, टॅब्लेट आणि लॅपटॉप यांच्यासाठी ‘यूएसबी टाइप-सी’ हे एकच टोक आता सर्वत्र रूढ होत आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विक्रीस येणारे नवे मोबाइल, टॅब्लेट, डिजिटल कॅमेरे आदी उपकरणांना ते बंधनकारक केले. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख निश्चित केली. भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी पोर्ट, प्लग आणि केबल यांच्यासाठी ‘आयएस/आयईसी ६२६८०-१-३ : २०२२’ हे मानक जाहीर केले. चार्जरची संख्या घटावी, ग्राहकाचा खर्च वाचावा आणि ई-कचरा कमी व्हावा, हा त्यामागील उद्देश आहे.

प्रत्यक्षात मात्र हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन केबलांपैकी एक लॅपटॉप चार्ज करते, दुसरी करत नाही. एकीतून पडद्यावर चित्र उमटते, दुसरीतून उमटत नाही. बाजारात मिळणारा प्रत्येक ‘कन्व्हर्टर’ही प्रत्येक वेळी उपयोगी पडत नाही. याचे कारण समजून घेण्यासाठी केबलीचे टोक आणि तिच्यातून वाहणारा संकेत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे लागते.

अडॅप्टर आणि कन्व्हर्टर

दोन्ही बाजूंचा संकेत एकच असेल आणि केवळ टोकांचा आकार वेगळा असेल, तर साधा अडॅप्टर पुरतो. तो एका बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूच्या पिनांना जोडतो, एवढेच. संकेतच वेगळा असेल, तर तो वाचून नव्या स्वरूपात मांडणारी चिप आवश्यक असते आणि तिला वीजही लागते. असा ‘अॅक्टिव्ह’ कन्व्हर्टर साध्या अडॅप्टरपेक्षा महाग असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असल्याने ग्राहकाची फसगत होते.

जुना प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप

शाळा, महाविद्यालये आणि कार्यालयांतील जुन्या प्रोजेक्टरवर आढळणारे १५ पिनांचे ‘व्हीजीए’ टोक १९८७ मधील आहे. त्यातून ॲनालॉग संकेत वाहतो. २००२ मध्ये आलेले ‘एचडीएमआय’ डिजिटल आहे. त्यामुळे एचडीएमआय असलेला लॅपटॉप व्हीजीए प्रोजेक्टरला जोडायचा असेल, तर चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो; दोन टोके असलेली साधी तार तेथे निरुपयोगी ठरते. एचडीएमआय पोर्टमधून कन्व्हर्टरला मिळणारी वीज अत्यल्प असल्याने काही कन्व्हर्टरांना यूएसबीतून वेगळी वीज द्यावी लागते. व्हीजीएमधून आवाज जात नाही, त्यामुळे ध्वनीची सोय स्वतंत्रपणे करावी लागते. प्रतिबंधित प्रतीचे चित्रपट अशा जोडणीवर दिसतीलच, याचीही खात्री नसते, कारण प्रत-संरक्षणाची व्यवस्था व्हीजीएमध्ये नाही.

मधल्या काळातील ‘डीव्हीआय’चे प्रकार गोंधळात भर घालतात. ‘डीव्हीआय-आय’मध्ये ॲनालॉग आणि डिजिटल असे दोन्ही संकेत असल्याने साध्या अडॅप्टरने व्हीजीए जोडता येते. ‘डीव्हीआय-डी’ केवळ डिजिटल असल्याने तेथे हा मार्ग बंद होतो. उलट, डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय यांची चित्रसंकेताची पद्धत एकच असल्याने त्यांच्यात साधा अडॅप्टर चालतो.

दिशाही महत्त्वाची

‘डिस्प्लेपोर्ट’ असलेल्या अनेक संगणकांत एचडीएमआयचा संकेत देण्याचीही सोय असते. अशा पोर्टवर ‘डीपी’ या अक्षरांसोबत दोन अधिक चिन्हे छापलेली आढळतात. तेथून एचडीएमआय पडद्याकडे स्वस्त अडॅप्टरने जाता येते. मात्र तोच अडॅप्टर उलटा लावून एचडीएमआय लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट पडद्याला जोडता येत नाही, कारण एचडीएमआय पोर्टला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. त्यासाठी त्या दिशेचा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्यावा लागतो. म्हणूनच वेष्टनावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ काय लिहिले आहे, ते वाचणे अत्यावश्यक ठरते.

टाइप-सीची कोडी

टाइप-सी हे २४ पिनांचे टोक आहे. ते वेगाचे किंवा क्षमतेचे नाव नाही. त्यामागे ‘यूएसबी २.०’चा ४८० मेगाबिट प्रतिसेकंद वेग असू शकतो किंवा ‘यूएसबी ४’चा ४० गिगाबिटांचाही. २०२३ मधील आयफोन १५ मालिकेत सर्व फोनना टाइप-सी टोक मिळाले. परंतु साध्या आयफोन १५ चा वेग ४८० मेगाबिट, तर प्रो फोनचा वेग १० गिगाबिट आहे. १० गिगाबाइटची फाइल सैद्धांतिकदृष्ट्या पहिल्या वेगाने पावणेतीन मिनिटांत, तर दुसऱ्या वेगाने आठ सेकंदांत जाते. केबल कमी वेगाची असेल, तर महागड्या उपकरणाचा वेगही तेवढाच राहतो.

चित्राच्या बाबतीतही असेच आहे. टाइप-सीमधून पडदा जोडण्यासाठी लॅपटॉप किंवा मोबाइलच्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’सारखी सोय असावी लागते. ती नसेल, तर टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर कितीही चांगला असला तरी पडदा कोराच राहतो.

विजेचा प्रश्न, सुरक्षेचा प्रश्न

सर्वसाधारण टाइप-सी केबल ३ अँपिअर प्रवाहासाठी, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंत असते. त्याहून अधिक क्षमतेसाठी केबलीतच स्वतःची ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती असेल तरच चार्जर ५ अँपिअर प्रवाह सोडतो. २०२१ मधील सुधारित मानकानुसार ही मर्यादा २४० वॉटपर्यंत पोहोचली आहे. चिप नसलेल्या केबलीने मोठा लॅपटॉप संथ चार्ज होतो, तो याचमुळे.

जुन्या चौकोनी ‘यूएसबी-ए’ टोकाला टाइप-सी जोडणारी केबल निकृष्ट असेल, तर प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही. अशा केबलीत ५६ किलोओहमचा रोधक असणे आवश्यक आहे. त्यावरून मोबाइलला किती वीज घ्यायची ते कळते. चुकीचा रोधक बसवल्यास मोबाइल ३ अँपिअर प्रवाह मागू लागतो आणि तेवढी क्षमता नसलेला संगणकाचा पोर्ट किंवा चार्जर तापून बिघडू शकतो.

खरेदीपूर्वी

केबल किंवा कन्व्हर्टर घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत पोर्टची नेमकी क्षमता काय दिली आहे. दुसरी, संकेत कोणाकडून कोणाकडे जाणार आहे. तिसरी, केबलीवर किंवा वेष्टनावर वेग आणि वॉट स्पष्ट छापले आहेत काय. यांपैकी काहीच नमूद नसेल, तर ती केबल केवळ साध्या चार्जिंगची समजावी. घरातील जुन्या केबलांना त्यांची क्षमता लिहिलेली चिठ्ठी लावल्यास नवी खरेदीही टळते. एक टोक सर्वांना पुरावे ही कल्पना ई-कचरा कमी करण्यासाठी आहे. चुकीच्या केबली विकत घेऊन त्या खणात साचत राहिल्या, तर तो हेतूच साध्य होणार नाही.