विषाला परवाना लागत नाही

महाराष्ट्रात कडक दारू पिण्यासाठी वयाची २५ वर्षे आणि परवाना हवा, असा कायदा आहे. वस्तीतल्या गुत्त्यावर हे दोन्ही कुणी विचारीत नाही. तिथे दारूत मिथेनॉल हे स्वस्त औद्योगिक रसायन मिसळले जाते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभरावर माणसे मेली.

शरीरात मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टीच्या नसा निकामी करते. याला कित्येक तास लागतात. तोवर ‘जास्त झाली’ म्हणून माणूस पडून राहतो. धूसर दिसू लागले, पोट दुखले, धाप लागली, की लगेच रुग्णालय गाठावे. वेळेवर डायलिसिस मिळाल्यास जीव वाचू शकतो.

मेलेल्याला ‘दारुडा’ म्हणून मोकळा होणारा समाज विष विकणाऱ्यालाच पाठीशी घालतो. कार्यकर्त्यांनी या मृत्यूला विषबाधा म्हणावे.