टाक्यांनी आवळलेले जठर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर-मुरबाडकडे ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हटले की कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाच प्रथम आठवते. त्यामुळे वजन घटवण्यासाठी जठरात दुर्बीण घालतात असे ऐकले, की यातही पोटाला छिद्रे पाडून काहीतरी कापले जात असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. एण्डोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टी या प्रक्रियेत रुग्णाला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे कॅमेरा असलेली लवचिक नळी जठरात उतरवली जाते, आणि तिच्या टोकाच्या उपकरणाने जठराच्या भिंतीत आतूनच टाके घालून ते आवळले जातात, जेणेकरून पिशवीसारखे जठर अरुंद नळीसारखे होते व थोड्या अन्नाने पोट भरते. यात जठराचा कोणताही भाग काढला जात नाही. 2017 साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर झालेली, वृत्तपत्रांतून गाजलेली शस्त्रक्रिया या प्रकारातील नव्हती. तिच्यात जठराचा मोठा भाग कापून काढण्यात आला होता.

कापाकाप नाही म्हणजे धोकाही नाही, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज होय. अमेरिकेतील 9 केंद्रांत झालेल्या आणि 2022 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिट या चाचणीत सुमारे 2 टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला, मृत्यू मात्र कोणाचाही झाला नाही. 209 जणांच्या या चाचणीत एका गटाला आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनासह ही प्रक्रिया, तर दुसऱ्याला केवळ मार्गदर्शन मिळाले. वर्षभरात पहिल्या गटाचे वजन सरासरी 13.6 टक्के, तर दुसऱ्याचे 0.8 टक्के घटले. म्हणजे 100 किलोच्या माणसाचे साधारण 86 किलो होते, 60 नव्हे. जाहिरातींतील आधीची-नंतरची छायाचित्रे पाहताना हा हिशेब ध्यानात ठेवलेला बरा.

या आकड्यांनाही मर्यादा आहे, कारण कोणाला टाके पडले हे दोन्ही गटांना ठाऊक होते. जठराला आतून घड्या घालणाऱ्या, पोझ नावाच्या दुसऱ्या पद्धतीच्या अमेरिकेतील चाचणीत तुलनेच्या गटावर प्रक्रियेचा केवळ देखावा केला गेला, म्हणजे उपचार खरा की लटका हे रुग्णांना कळू दिले नाही. तेव्हा घट अनुक्रमे सुमारे 5 आणि 1.4 टक्के इतकीच भरली. ‘दुर्बिणीची’ म्हणून सर्व पद्धतींना एकच गुण देता येत नाहीत, आणि कसोटी जितकी कठोर तितका तिचा निकाल विश्वासार्ह.

चाचणी म्हणजे गरिबांवर गुपचूप प्रयोग, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु आजच्या नियमांनुसार चाचणीची पूर्वनोंदणी आणि नीतिसमितीची मान्यता आवश्यक असते, माहितीपत्रक सहभागीला समजेल अशा भाषेत द्यावे लागते, वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येते.

लठ्ठपणा हा शहरातल्या सुखवस्तूंचाच आजार, हा समजही टिकत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक, तर 18.7 टक्के स्त्रियांचे कमी आढळले. कातकरी-ठाकूर वस्त्यांत कुपोषणाचा प्रश्न कायम असलेल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत दोन्ही प्रश्न शेजारी नांदू शकतात. मेरिटमध्ये देहभारांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 30 ते 40 असलेल्यांनाच घेतले होते. भारतीयांना मधुमेहासारखे आजार त्याहून कमी आकड्यांनाही जडतात, म्हणून अमेरिकी निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे घाईचे ठरेल.

टाके घातल्यावर काही आठवडे पातळ व मऊ आहार आणि पुढे नियमित तपासणी अपरिहार्य असते. ज्या मुरबाडला रेल्वे नाही, तेथील रुग्णाने कल्याण-ठाण्याच्या या फेऱ्या आपल्याला झेपतील का, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.